क्षमस्व, गाडी पास झाली

तीर्थरूप आईंना,

थोरल्या जावयाचा कोपरापर्यंत काळ्या हातांनी, पण मनापासून नमस्कार. (पत्राच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलाय तो माझाच. साबणाने निघत नाही, रॉकेलने निघत नाही, तुमच्या लेकीच्या बोलण्यानेही निघत नाही.) बाळ-बाळंतीण खुशाल असतील. बाळाला एव्हाना दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळू लागलं असेल अशी आशा आहे. नसेल कळलं, तर तुमच्या झोपेचं काय होतं ही काळजी आहे. तुमची पाठ कशी आहे? धाकटीकडचा जिना उंच, तेव्हा सारखं खाली-वर करू नका. काही हवं असलं तर साडूभाऊंना पिटाळत जा, त्यांना तेवढाच व्यायाम. इकडे वरच्या मजल्यावर आम्ही आणि खालच्या मजल्यावर बाबा, सगळे ठणठणीत आहोत. बाबा जेवतात वर, झोपतात खाली आणि उरलेला वेळ अंगणात गाडीच्या बॉनेटखाली असतात.

फोनवर हे सांगता आलं नसतं. एक तर तुमच्या बाजूने बाळ रडतं आणि दुसरं म्हणजे आमच्या बाजूने बाबा ऐकतात. म्हणून पत्र. आणि वाईट बातमी पत्राच्या तळाशी लपवून ठेवावी हा माझा स्वभाव नाही, तेव्हा आधीच सांगून मोकळा होतो: गाडी धुराच्या चाचणीत पास झाली. आई, माफ करा. मी माझ्याकडून शक्य तेवढं केलं, म्हणजे शक्य तेवढं केलं नाही, पण नशीबच फिरलं.

तुम्ही निघायच्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून, मिक्सर सुरू करून (आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आत काहीच नव्हतं, हे मी पाहिलं होतं) जे सांगितलंत ते मी विसरलेलो नाही. "जावईबापू, हे आता गाडी चालवायला लागले की माझा जीव टांगणीला लागतो. मी बोलले तर भांडण होतं. चाचणीत नापास झाली की गाडी आपोआप उभी राहील, कुणी कुणाला बोलायला नको. तुम्ही फक्त काही करू नका." माझ्यावर इतका विश्वास या घराण्यात पहिल्यांदाच कुणी टाकला होता. काही न करणं हा तर माझा हातखंडा. घरातला गळका नळ, बाल्कनीचं करकरणारं दार आणि वरच्या फळीवरचा पंखा याची साक्ष देतील.

सुरुवात तर फार छान झाली. तुम्ही गेल्या त्याच आठवड्यात बाबा मला घेऊन पेट्रोलपंपामागच्या चाचणीच्या टपरीवर गेले. तिथे एक गृहस्थ संगणकासमोर बसलेले असतात. चेहरा असा, की जगातला सगळा धूर आजवर त्यांच्याच नाकातून गेलाय. (मी त्यांना मनातल्या मनात धूरसाहेब म्हणतो, पुढेही तसंच लिहीन.) त्यांनी एक लांब नळी आपल्या तिसरीच्या सायलेन्सरमध्ये घातली. हो, बाबा अजून गाडीला तिसरीच म्हणतात. दोन मुलींनंतरची म्हणून. धूरसाहेब म्हणाले, इंजिन चालू करा. बाबांनी केलं. त्यानंतर काही क्षण आम्हाला संगणक दिसेना, टपरी दिसेना आणि धूरसाहेबही दिसेनात, नुसता खोकला ऐकू येत होता. मागच्या गाडीवाल्याने काचा वर घेतल्या. शेजारच्या पंक्चरवाल्याने आपलं दुकान असलेलं हातगाडं उचलून पलीकडे नेलं. धूर जरा विरल्यावर धूरसाहेब डोळे पुसत म्हणाले, "काका, आकडा यंत्रात मावत नाहीये."

मला आतून उकळ्या फुटत होत्या. वाटलं, संध्याकाळीच तुम्हाला फोन करावा, कामगिरी फत्ते म्हणून. पण आई, मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती उकळी जिथल्या तिथे बसली. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली आणि गाडीच्या छपरावर हळूच थोपटलं. एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर कुणी बोललं की बाप कसा तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो, तसे. मग म्हणाले, "आजारी आहे. औषध करू."

आता ज्या माणसाने उभा जन्म औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे काढला, त्याच्या तोंडून हे वाक्य आलं की पुढे काय होणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरलो, तर बाबा गाडीच्या टाकीत घालायच्या औषधाची बाटली उजेडाकडे धरून उभे. कार्बन साफ करणारं द्रावण, असं वर लिहिलेलं. मला म्हणाले, खालची ओळ वाचा, हल्ली छपाई फार बारीक करतात. मी वाचलं: टाकी जवळपास रिकामी असताना घालावे. "म्हणजे उपाशीपोटी," बाबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं छोटं प्लास्टिकचं माप आणलं आणि ती अख्खी बाटली, मापामापाने, एकही थेंब न सांडता, गाडीला पाजली. मी म्हटलं, बाबा, बाटली सरळ ओतली तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्यात.

औषध दिल्यावर गाडीला आराम हवा, असं ठरलं. बाबा दुपारी आडवे झाले. मी मात्र (इथे तुम्ही माझी पाठ थोपटाल) शत्रूची तयारी कुठवर आली हे पाहायला बॉनेट उघडलं. एअर फिल्टर म्हणून एक काळा गोल डबा असतो, इंजिन त्यातून श्वास घेतं, एवढं मला बाबांच्या बोलण्यावरून कळलं होतं. झाकण काढलं. आई, तुमचा पिवळ्या लोकरीचा गुंडा आठवतो? बाळाच्या टोपड्यासाठी आणलेला, जो हरवला आणि जो मीच गच्ची झाडताना फेकून दिला असं घरात सर्वानुमते ठरलं? तो तिथे होता. उंदराने त्याचं अतिशय सुबक, उबदार घरटं बांधलं होतं. मधोमध गोल खळगा, कडेने वर्तमानपत्राची किनार. उंदीर स्वतः घरी नव्हता. गाडीला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. धूर सोडेल नाहीतर काय करेल बिचारी!

क्षणभर वाटलं, गुंडा हातात घेऊन वर धावत जावं आणि तुमच्या लेकीपुढे ठेवून म्हणावं, बघा! पण कर्तव्य आडवं आलं. गुंडा बाहेर काढला असता तर गाडी सुधारली असती. मी झाकण पुन्हा लावलं. माझी निर्दोष सुटका मी माझ्या हातांनी डब्यात बंद केली, आई, केवळ तुमच्या शब्दाखातर. याची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून लिहिलं.

उपयोग काहीच झाला नाही. बाबांनी गाडी थेट कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. या मेकॅनिकला गल्लीत 'गेलंय' म्हणतात. कारण तो कुठल्याही यंत्राकडे बघून तेवढंच बोलतो. बॉनेट उघडलं. प्लग? गेलेत. कार्बोरेटर? गेलाय. सायलेन्सर? कधीच गेलाय. बाबांनी सहज विचारलं, तुमचे थोरले भाऊ दिसत नाहीत आज? "गेलाय." बाबांचा हात टोपीकडे गेला. "जेवायला," मेकॅनिक म्हणाला. असा निराश माणूस पाहून माझ्या मनात पुन्हा आशा निर्माण झाली, पण मग त्याने ते झाकण काढलं, पिवळी लोकर बोटांच्या चिमटीत धरून वर उचलली आणि पहिल्यांदाच वेगळं वाक्य बोलला: "काका, गाडीला स्वेटर कुणी घातला?"

बाबा इतके हसले की त्यांना मागे पडलेल्या एका जुन्या टायरवर बसावं लागलं. तुम्ही गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. (गुंडा धुतलाय, पण जरा पेट्रोलचा वास येतो. बाळासाठी नको, माझ्यासाठी हातमोजे विणायला हरकत नाही.) मग फिल्टर नवा आला, प्लग नवे आले, ऑइल बदललं. कार्बोरेटर उघडून, धुऊन, फुंकून, शिव्या घालून परत बसवला गेला. या सगळ्यात कंदील धरायचं, पाना द्यायचं, चुकीचा पाना दिला म्हणून ऐकून घ्यायचं आणि हात काळे करायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी इंजिन सुरू झालं तेव्हा ते इतकं हळू वाजत होतं की बाबांनी सुरू झालंय हे न कळून पुन्हा चावी फिरवली आणि जो करकर आवाज आला त्याने मेकॅनिक छाती धरून म्हणाला, "गेलं!" गेलं नव्हतं. खरं सांगतो, आई, मीही टाळी वाजवली. हात आपोआप वर गेले.

आता मुख्य गोष्ट. मेकॅनिकने बजावलं होतं की चाचणीला जाताना इंजिन चांगलं तापलेलं हवं. गार इंजिन धूर जास्त सोडतं. म्हणून परवा सकाळी बाबांनी गाडी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काढली. मी शेजारी. हवा छान होती, दोन्हीकडे शेतं, बाबा शीळ घालत होते आणि गाडी गुळगुळीत चालली होती. मी मनात तुमच्यासाठी या पत्राचा मायना जुळवत होतो. पुढे एक मालट्रक कडेला उभा होता. त्याला वळसा घालायला बाबांनी गाडी उजवीकडे घेतली. त्याच वेळी मागून, उजव्या अंगाने, एक स्कूटरवाली बाई पुढे येत होती. मला ती आरशात दिसली. मी ओरडलो. बाबांनी ब्रेक दाबला. ती बाई आमच्या आरशाला जवळजवळ पदर लावून पुढे गेली, थांबली, मागे वळून दोन सणसणीत शब्द बोलली आणि गेली. तिचं बरोबर होतं.

बाबांनी गाडी ट्रकच्या पुढे, कडेला उभी केली. हात स्टिअरिंगवरच होते. मी चावीकडे हात नेला, तर म्हणाले, "बंद करू नका. गार होईल." म्हणून पुढचं सगळं बोलणं इंजिनाच्या घरघरीत झालं आणि अधूनमधून बाबा, सवयीने, ॲक्सिलरेटरवर पाय दाबत होते.

"उजव्या बाजूचं मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. "समोरचं दिसतं. कडेचं नाही. बरेच दिवस झाले."

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"चाचणी झाली की दाखवणार होतो."

मला राग आला, आई. मी घाबरलो की माझा आवाज चढतो, तसा तो चढला. मी विचारलं, मग ही एवढी खटपट कशासाठी चालवलीत? औषध, प्लग, फिल्टर? चालवता येणारच नाही तर पास कशाला करायची? आपोआप नापास झाली असती, उभी राहिली असती, सगळं सोपं झालं असतं! (बोललो आणि जीभ चावली. पण त्यांचं लक्ष नव्हतं.) ते समोरच्या काचेतून बघत होते. म्हणाले, "नापास झाली म्हणून सोडली, तर गाडीने मला सोडल्यासारखं होईल. दुकान विकलं तेव्हा तसंच झालं. दुकान चालेना म्हणून विकलं. माझं मन भरलं म्हणून नाही. ही चालू असताना, चांगली असताना, मला स्वतःहून किल्ली खाली ठेवायचीय. कुणी काढून घेण्याआधी."

मग त्यांनी दार उघडलं, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि काचेवर टकटक केली. मी उतरलो, ते बसले. मी पलीकडे जाऊन स्टिअरिंगवर बसलो. इंजिन चालूच होतं. पट्टा लावता लावता म्हणाले, "हिला सांगू नका. मी सांगेन." (हिला म्हणजे तुम्हाला.) आणि लगेच, "दुसऱ्या गियरवर जास्त वेळ ठेवू नका, ओढ लागते तिला."

तर आई, टपरीपर्यंत पोचेतो तुमच्या गोटातला हा एकुलता एक सैनिक पलीकडे सामील झाला होता. मला ती गाडी पास व्हायला हवी होती. माझ्या बारावीच्या निकालाला वाटली नव्हती तेवढी धाकधूक मला वाटत होती. टपरीवर पाहतो तो रांग ही एवढी, आणि धूरसाहेबांचा संगणक बंद पडलेला. इंजिन बंद करावं तर गार होतंय. चालू ठेवावं तर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतोय. मी घाबरून बाबांकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, "हीटर लावा. पूर्ण. इंजिनाची उष्णता आत येईल." भर उन्हात, रांगेत, आम्ही दोघं हीटर लावून बसलो. घाम असा की शर्ट पिळता आला असता. शेजारच्या गाडीतल्या बाईने तिच्या नवऱ्याला कोपराने ढोसून आमच्याकडे दाखवलं. बाबांच्या चष्म्यावर वाफ धरली होती आणि ते हसत होते. म्हणाले, "ताप उतरतोय." काटा खरोखर खाली येत होता.

आमचा नंबर आला. धूरसाहेबांनी गाडी ओळखली. आधी त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, मग शेजाऱ्यांना हाक मारून सावध केलं. पंक्चरवाल्याने हातगाड्याला हात घातला. नळी आत गेली. मी इंजिन चालू ठेवलं आणि श्वास बंद. काहीच दिसेना, म्हणजे धूरच दिसेना. धूरसाहेब संगणकाकडे बघत राहिले. नळी काढली, फुंकली, परत घातली. पुन्हा बघितलं. मग रुमाल खाली ओढून म्हणाले, "काका, हीच गाडी ना?"

आकडा मर्यादेच्या आत होता. बराच आत. बाबांनी उतरून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, पंक्चरवाल्याशी केलं, आणि रांगेतल्या एका अनोळखी माणसाशीही केलं. मी गाडीतच बसून होतो. डोळ्यांत घाम गेला होता. निदान मी तुमच्या लेकीला तसंच सांगितलं.

आता तुमच्या काळजीचं. बाबा त्यानंतर स्टिअरिंगवर बसलेले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी बरोबर जाणार आहे. ते तुम्हाला सगळं स्वतः सांगतील तेव्हा कृपा करून आश्चर्याने "अगं बाई!" म्हणा, आणि माझं नाव कुठेही येऊ देऊ नका. रागावू नका त्यांच्यावर. रागावायचं काम मी रस्त्याच्या कडेला करून टाकलंय, तेवढं पुरे. धाकटीला आशीर्वाद, साडूभाऊंना नमस्कार आणि बाळाच्या दोन्ही तळव्यांना माझ्याकडून (हात धुऊन) गुदगुल्या.

तुमचा आज्ञेत राहू न शकलेला,
थोरला जावई

ता. क. येताना तुमचे पासपोर्टच्या आकाराचे फोटो काढून आणा, असं बाबा म्हणाले. कशाला, ते विचारलं तर सांगत नाहीत.

ता. क. दुसरा. कशाला ते कळलं. आत्ता खाली जाऊन आलो. गाडीच्या मागच्या काचेवर बाबांनी शिकाऊ चालकाचं लाल अक्षर चिकटवलंय, फुटपट्टी लावून, अगदी मधोमध. मी म्हटलं, हे कुणासाठी? तर म्हणाले, "हिच्यासाठी. इतकी वर्षं शेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त ब्रेक तिनेच दाबलेत. ब्रेक तयार आहे, आता फक्त क्लच शिकवायचा." आई, मी यात कुठेही नव्हतो. तुम्ही ठाम नकार द्या, मी तुमच्या पाठीशी उभा आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितोय. तुमची लेक आत्ता हसत हसत म्हणाली की बाबांनी डोळ्यांचं तुम्हाला परवा संध्याकाळीच फोनवर सांगितलं, क्लचचंही सांगितलं, आणि तुम्ही म्हणे पटकन विचारलंत, "तो डावीकडचा ना?" फोटोसुद्धा काढून झालेत. म्हणजे वरच्या सगळ्या पानांत तुम्हाला नवीन असं काहीच नाही. तेव्हा ती राहू द्या आणि माझी एवढी एकच विनंती वाचा: शिकवायला तुमच्या शेजारी मी बसायचं असं इथे परस्पर ठरलंय. साडूभाऊ माझ्यापेक्षा तरुण आहेत, धीराचे आहेत आणि त्यांचा विमाही मोठा आहे. त्यांचं नाव तुम्ही आपण होऊन सुचवा. मी सुचवलं असं वाटायला नको.